चित्रातली ती काळी रेषा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत डीएनए ओळखणाऱ्या चिपवर आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. लेख वाईट नाही. पण त्याच्यासोबत छापलेल्या चित्रावरून माझी नजर हलेना. खाली चिपचा करडा ठोकळा. त्यावर डीएनएचे निळे धागे, सगळे एका उंचीचे, सारख्या अंतरावर, ओळीत लावलेल्या रोपांसारखे ताठ. आणि धागा ठोकळ्याला जिथे टेकतो तिथे एक बारीक काळी रेषा, चित्रकाराने पट्टी धरून ओढलेली.

त्या रेषेत माझी १९ वर्षं गेली.

मी चिपवर लेप चढवणारी. इलेक्ट्रॉनिक्सवाले कोऱ्या चिप आणून द्यायचे, जीवशास्त्रवाले डीएनएच्या इवल्याशा नळ्या आणून द्यायचे, आणि मधलं जे काही असतं ते माझ्या टेबलावर व्हायचं. दोन्हीकडच्यांना ते मधलं काम किरकोळ वाटे. सिलेन म्हणजे काचेला धरणारं रसायन; "जरा सिलेन लावून दे" असं म्हणून लोक चहाला गेल्यासारखे निघून जात. आपल्या लेखातही ट्रान्झिस्टरवर तीन परिच्छेद आहेत, रोगनिदानावर चार आहेत, आणि दोघांना जोडणाऱ्या रसायनावर अर्धं वाक्य: 'पृष्ठभागावर डीएनए बसवला जातो.' कसा बसवला जातो, बसतो का, बसून राहतो का, याचा पत्ता नाही. तेवढ्यासाठी हे पत्र. लांबेल, त्याची क्षमा आधीच मागते.

लेबलची, म्हणजे डीएनएला आधी खूण लावण्याची, गरज नाही म्हणून ही तपासणी सोपी, असा लेखाचा सूर आहे. इथेच माझी पेन्सिल अडली. डीएनएचा एक धागा कशावर तरी बसवून ठेवायचा आणि त्याला जुळणारा दुसरा धागा येऊन जोडी जमते का पाहायचं, ही कल्पना जुनी आहे. एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये पडद्यावर डीएनए उतरवून ती वापरली, तेव्हा शोध घेणाऱ्या धाग्याला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण असे. पुढे १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काचपट्टीवर जनुकांचे ठिपके मांडले, तेव्हा खुणेसाठी चमकणारे रंग आले. दोन्ही पद्धतींत ज्याला खूण लावली तोच दिसतो. काचेला बाकी काय चिकटलंय याची फारशी पंचाईत नसते, कारण ते अंधारातच राहतं.

लेबल काढून टाकलं की हा सोयीचा अंधार जातो. क्वार्ट्झच्या थरथरत्या चकतीला फक्त वजन कळतं. सोन्याच्या पातळ पापुद्र्यावरून परतणाऱ्या प्रकाशाला त्या पापुद्र्यालगतचा अपवर्तनांक कळतो. ट्रान्झिस्टरला विद्युतभार कळतो. कोण आलं हे यांतल्या एकालाही कळत नाही, काहीतरी आलं एवढंच कळतं. तेव्हा आत कुणाला घ्यायचं आणि कुणाला दारातून परत पाठवायचं, हे ठरवायला त्या काळ्या रेषेशिवाय दुसरं कोणी उरत नाही.

हे किती अवघड आहे याचं एक गणित मी दर नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी करायला लावत असे. एक लिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन साधारण ४० ग्रॅम असतं. शोधायचा डीएनए एक फेम्टोमोलर आहे असं धरा. म्हणजे एका मायक्रोलिटरच्या थेंबात त्याचे जेमतेम ६०० रेणू. त्यातल्या एकेका रेणूमागे अल्ब्युमिनचे सुमारे ६० हजार कोटी रेणू येतात. आता दर दहा कोटींत एकच अल्ब्युमिन चिपला चिकटला असं समजा. तरीही एका खऱ्या पाहुण्यामागे सहा हजार उपटसुंभ झाले. शिवाय अल्ब्युमिन हे एकच प्रथिन. विद्यार्थी शून्यं मोजायचे, पुन्हा मोजायचे, आणि मग माझ्या टेबलाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायचे.

माझी सुरुवात सोन्यापासून झाली. गंधकाला सोन्याची ओढ असते. न्यूझो आणि अलारा यांनी १९८३ मध्ये दाखवलं की गंधक असलेले सेंद्रिय रेणू सोन्यावर सोडले की ते आपले आपण एकेरी थर रचतात. मग डीएनएच्या एका टोकाला गंधक लावा आणि सोन्यावर सोडा, काम झालं! निदान मला तसं वाटलं होतं. नळीतून येणाऱ्या डीएनएचं गंधक बहुधा झाकलेलं असतं, एका गंधकाला दुसरं गंधक बांधून. वापरण्यापूर्वी ते सोडवावं लागतं. त्यासाठी आम्ही डीटीटी नावाचं रसायन वापरायचो. या डीटीटीच्या अंगातही दोन गंधकं असतात, आणि त्यांनाही सोनं तितकंच आवडतं. काम झाल्यावर डीटीटी गाळून काढायचं ही पायरी आमच्या एका विद्यार्थ्याकडून राहिली. चिप दिसायला झकास, मापंही स्वच्छ, फक्त डीएनए जवळजवळ नाहीच. दोन दिवस आम्ही डीएनए पाठवणाऱ्यांच्या नावाने खडे फोडत होतो. सगळं सोनं डीटीटीने आधीच बळकावलं होतं. त्यानंतर मी ते रसायन बदललं. टीसीईपी हेच काम करतं आणि त्याच्यात गंधक नाही.

बसलेला डीएनएसुद्धा ताठ बसत नाही. आपल्या चित्राला माझा मुख्य आक्षेप हाच आहे. गंधकाचं टोक सोन्याला लागतं हे खरं, पण धाग्यावरची अक्षरंही सोन्याला चिकटतात. अ‍ॅडेनिन सर्वांत घट्ट, थायमिन सर्वांत सैल. त्यामुळे धागे सोन्यावर आडवेतिडवे लोळतात. पाहुणा आला तरी त्याला हात देणार कसा, हात तर जमिनीला चिकटलेला. यावर हर्न आणि टारलॉव्ह यांनी १९९७ मध्ये एक उपाय छापला. तो इतका साधा आहे की वाचल्यावर स्वतःचा राग यावा. डीएनए बसवून झाला की चिप मर्कॅप्टोहेक्झेनॉलच्या पातळ द्रावणात तासभर बुडवायची. सहा कार्बनची आखूड साखळी, एका टोकाला गंधक, दुसऱ्याला पाण्याशी जमवून घेणारा गट. ही आखूड माणसं मोकळ्या जागांत शिरतात, लोळणाऱ्या अक्षरांना सोन्यावरून उठवतात, आणि धागे पाण्यात उभे राहू लागतात. ते द्रावण फ्यूम हूडच्या बाहेर उघडलं तर वास दिवसभर केसांतून जात नाही. मला आता त्या वासाची आठवण येते, हे घरच्यांना पटत नाही.

आता किती धागे बसवायचे, या प्रश्नाकडे येते. सुरुवातीला आम्ही सगळेच एका गोष्टीच्या मागे होतो: जास्तीत जास्त प्रोब, म्हणजे चिपवर बसवलेले धागे. जितके गळ जास्त तितके मासे जास्त. रात्रभर बुडवून ठेवा, मीठ वाढवा, डीएनए ठासून भरा. मीठ वाढवलं की धाग्यांवरचे ऋणभार झाकले जातात, धागे एकमेकांना ढकलेनासे होतात आणि दाटीने बसतात. चिपवर प्रोब किती बसले हे मोजलं की आकडा मस्त यायचा. पाहुणे किती पकडले ते मोजलं की तोंडं उतरायची.

२००१ मध्ये पीटरसन, हीटन आणि जॉर्जियाडिस यांचा एक निबंध आला. त्यांनी सोन्यावरची प्रोबची दाटी मुद्दाम कमीजास्त करून पाहिली होती. दाटी कमी असली की जवळजवळ सगळ्या प्रोबना जोडीदार मिळतात. दाटी खूप वाढवली की जोड्या दहा टक्क्यांच्या आसपास येतात, आणि त्याही रेंगाळत. त्यांच्या मापांचा पल्ला एका चौरस सेंटिमीटरवर दोन लाख कोटींपासून बारा लाख कोटी रेणूंपर्यंतचा होता. ऐकायला दोन्ही आकडे सारखेच अगडबंब. पण त्यांतून धाग्याधाग्यांतलं अंतर काढा. दोन लाख कोटी असतील तर सुमारे सात नॅनोमीटर, बारा लाख कोटी असतील तर तीनहून किंचित कमी. डीएनएची दुपेडी वेणी स्वतःच दोन नॅनोमीटर जाड असते. तीन नॅनोमीटरच्या गल्लीत दोन जाडीची वेणी विणायची, आणि तीही शेजारचे सगळे ऋणभारित धागे नव्या ऋणभारित पाहुण्याला बाहेर लोटत असताना. कशी विणली जाणार?

मी आमच्या बैठकीत "कमी बसवूया, दहा मिनिटांत बाहेर काढते" म्हटलं तेव्हा आमचे प्रमुख माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी पगार कमी घेते म्हणाले. एक चिप त्यांना न सांगताच तशी केली. पाहुण्यांचा सिग्नल दुपटीच्या वर गेला. न सांगता केल्याबद्दल बोलणी खाल्ली ती वेगळी.

अर्थात सरासरी अंतर सात आहे म्हणून प्रत्येक शेजारी सातवर असतो असं नाही. धागे पुंजके करून बसतात, मध्ये ओसाड जागा राहते. यावर चीनमधल्या एका गटाने २०१० मध्ये काढलेली युक्ती मला फार आवडते. डीएनएचाच एक चतुष्फलक विणायचा, म्हणजे चार कोपऱ्यांचा त्रिकोणी मनोरा. त्याच्या तळाच्या तीन कोपऱ्यांना गंधक आणि वरच्या कोपऱ्यातून प्रोब. तीन पाय असल्याने तो लोळत नाही, सहज उखडत नाही, आणि तिवईचा घेरच शेजाऱ्याला लांब ठेवतो. अंतर राखायला वेगळा पहारेकरी नको. खर्चिक आहे, विणायला वेळ लागतो, पण पाहिल्याबरोबर 'हे आपल्याला सुचायला हवं होतं' असं वाटायला लावणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी ती एक.

सोन्याची ही गोष्ट मी मजेत सांगते. ट्रान्झिस्टरच्या चिपची मात्र मला आजही लाज वाटते, आणि या पत्राखाली माझं नाव छापू नका असं मी म्हणते आहे ते तिच्यामुळेच.

या चिपच्या तोंडाशी सोनं नसतं, सिलिकॉनचा ऑक्साईड असतो, म्हणजे जवळपास काचच. पीट बर्गव्हेल्ड यांनी १९७० मध्ये द्रावणातल्या आयनांना प्रतिसाद देणारा ट्रान्झिस्टर मांडला, त्याच वंशातली ही चिप. गंधक काचेकडे ढुंकून पाहत नाही. तिथे सिलेन लागतं, आणि त्यातलं सगळ्यात लोकप्रिय म्हणजे एपीटीईएस. एका टोकाला काचेशी जुळणारे तीन हात, दुसऱ्या टोकाला अमाईन, म्हणजे नायट्रोजनचा एक गट. अमाईनला मग ग्लुटराल्डिहाईड नावाचा दुवा, त्याला डीएनए. कागदावर सरळ आहे. पण एपीटीईएसचे ते तीन हात काचेशी जुळायला पाण्याचा किंचित अंश लागतो, आणि किंचितपेक्षा जरा जास्त झाला की ते काचेऐवजी एकमेकांनाच धरू लागतात. थराऐवजी गाठोडी तयार होतात. शिवाय काही रेणू उलटे बसतात, अमाईन खाली आणि हात वर.

एका वर्षी सलग पाच आठवडे आमच्या चिप अप्रतिम चालल्या. डीएनएचा थेंब टाकला की आलेख असा उसळायचा की इलेक्ट्रॉनिक्सवाले येऊन माझी पाठ थोपटून गेले. एका परिषदेसाठी सारांश लिहून पाठवलासुद्धा. मग आमच्याकडे नुकत्याच आलेल्या एका मुलीने, कुणी सांगितलं नसताना, अजिबात न जुळणाऱ्या क्रमाचा डीएनए टाकून पाहिला. आलेख तेवढाच उसळला. तिला वाटलं आपल्याकडून नळ्या बदलल्या. पुन्हा केलं. पुन्हा तेच. नुसता बफर, म्हणजे डीएनए नसलेलं द्रावण, टाकला तर निम्मा.

मी माझी वही काढली. सिलेन लावल्यावर थराची जाडी मोजायचा आमचा नेम होता. एपीटीईएसचा एकेरी थर साधारण पाऊण नॅनोमीटरचा असायला हवा. माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत, त्या पाच आठवड्यांतले आकडे होते: आठ, नऊ, एकदा अकरा. नाकापेक्षा मोती जड. आकडे मी लिहिले होते, खाली रेघही ओढली होती, आणि सिग्नल चांगला येतोय म्हणून पान उलटलं होतं. कपाट उघडून सिलेनची बाटली पाहिली तर तिच्या मानेवर पांढरी खरबरीत पापडी. सिलेन ज्यात मिसळायचो त्या टोल्यूईनच्या बाटलीचं झाकण महिनाभर उघड-मिट होत होतं, आणि त्या दिवसांत हवा दमट होती. पाणी आत गेलं होतं. चकाकत्या चिपवर आम्ही अमाईनांचा जाड स्पंज चढवत होतो. उदासीन द्रावणात अमाईनवर धनभार असतो आणि डीएनएवर ऋणभार. कोणताही डीएनए टाका, जुळणारा वा न जुळणारा, तो ओढला जाणारच. आणि तो स्पंज पाण्यात फुगत होता, हळूहळू विरघळतही होता. नुसत्या बफरने आलेख हलला तो त्यामुळे.

सारांश मागे घेतला. प्रमुख कुणाला काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर जे बदललं ते बाहेरून पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटेल. सिलेन छोट्या बंद कुप्यांत घेऊ लागलो. कुपी फोडली की त्याच दिवशी वापरायची, उरली तर टाकायची. काम कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत. काही चिपसाठी एपीटीईएस सोडून एकच हात असलेलं सिलेन घेतलं. ते स्वतःशी गाठोडं बांधू शकत नाही, फार तर जोडी करून गप्प बसतं. ते काचेला एकाच ठिकाणी धरतं, त्यामुळे पकड कमी, पण जे आहे ते खरोखर एकेरी आहे याची खात्री असते. जिथे तीनच हात हवे होते तिथे अमाईनपर्यंतची साखळी लांब असलेलं सिलेन आणलं. एपीटीईएसच्या आखूड साखळीमुळे त्याचं अमाईन मागे वळून स्वतःचाच काचेशी असलेला बंध पाण्याकडून तोडवून घेतं. घरभेदीच म्हणायचा. साखळी लांबली की हा प्रकार बराच आवरतो. लेप झाल्यावर टोल्यूईनने, मग इथेनॉलने धुणं, ११० अंशांवर भाजणं, आणि वापरण्यापूर्वी रात्रभर बफरमध्ये भिजवणं. जे सुटून जाणार आहे ते मोजमापाच्या आधीच जाऊ दे.

आणि प्रत्येक चिपवर पाण्याचा एक थेंब. हे माझं आवडतं काम. स्वच्छ धुतलेल्या काचेवर थेंब पसरून जवळजवळ सपाट होतो. अमाईन चढलं की तो थोडा अंग आकसून बसतो, ५०-६० अंशांचा कोन करून. तोच थेंब चिपच्या एका कोपऱ्यात पसरला आणि दुसऱ्यात फुगून बसला तर लेप एकसारखा नाही, चिप बाद. यंत्र बाजूने फोटो काढून कोन मोजतं. १९ वर्षांनी मला यंत्राआधी अंदाज येत असे, चारपाच अंशांच्या फरकाने.

सिलिकॉनला थेट कार्बनच जोडावा, मधे ऑक्सिजन नकोच, हाही मार्ग आहे. लिनफर्ड आणि चिडसी यांनी तो १९९३ मध्ये दाखवला. तो बंध पाण्याला बधत नाही. हिऱ्याच्या पातळ थरावर कार्बनच्याच बंधांनी बसवलेला डीएनए सोने, काच, सिलिकॉन यांच्यापेक्षा टिकाऊ ठरतो, असं हॅमर्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लिहिलं. पण आमच्या ट्रान्झिस्टरचा ऑक्साईड खरवडून काढणं शक्य नव्हतं, तो त्या यंत्राचाच भाग असतो. दुसऱ्याच्या घरातला चांगला उपाय आपल्या घरात बसतोच असं नाही.

मिठाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्या लेखात 'रक्ताच्या थेंबातून थेट' असे शब्द आहेत. खारट पाण्यात कोणताही विद्युतभार फार लांबून जाणवत नाही. भोवतीचे आयन त्याला झाकून टाकतात. जेवढ्या अंतरापर्यंत तो जाणवतो त्याला डिबाय लांबी म्हणतात. रक्ताइतक्या मिठात ती पाऊण नॅनोमीटरच्या आसपास असते. मीठ शंभरावा-दीडशेवा हिस्सा करा, तर आठ ते दहा नॅनोमीटर. वीस अक्षरांची डीएनएची वेणी सात नॅनोमीटर उंच. म्हणजे रक्तात ट्रान्झिस्टरला त्या वेणीचे फक्त घोटे दिसतात, बाकी देह आयनांच्या गर्दीत. पाणी गोडं केलं तर पूर्ण वेणी दिसते, पण मग दोन ऋणभारित धागे एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, वेणीच पडत नाही. इकडे आड तिकडे विहीर. आम्ही खारट पाण्यात जोडी जमवून, मग गोड्या पाण्यात धुऊन वाचत असू. धुताना काही जोड्या सुटायच्या.

इथेही सुटका रसायनानेच केली, निदान अर्धी. नील्सन, एगहोल्म, बर्ग आणि बुखार्ट यांनी १९९१ मध्ये पीएनए तयार केला. अक्षरं डीएनएचीच, कणा मात्र निर्भार. प्रोब म्हणून पीएनए बसवला तर तो पाहुण्याला ढकलत नाही, गोड्या पाण्यातही जोडी जमते. शिवाय आधी पृष्ठभागावर डीएनएचा भारच नसल्याने पाहुणा आला की फरक ठळक उठतो. पण पीएनएला पाण्याशी फारसं सख्य नाही. लांब केला की गुठळ्या करतो, आणि जे नको तेही त्याला चिकटतं. आम्ही पंधरा अक्षरांवर थांबत असू.

प्रथिनांना लांब ठेवण्यासाठी इथिलिन ग्लायकॉलच्या साखळ्यांचा थर उपयोगी पडतो हे प्राइम आणि व्हाइटसाइड्स यांनी १९९१ मध्ये दाखवलं. अलीकडे एकाच रेणूवर धन आणि ऋण दोन्ही भार असलेले थर वापरतात. ते पाणी इतकं घट्ट धरून बसतात की प्रथिनाला टेकायला जागा मिळत नाही. दोन्ही चांगले. दोन्ही फार जाड झाले की तुमचा खरा पाहुणाही ट्रान्झिस्टरपासून लांब राहतो, हे मात्र पुष्कळांच्या उशिरा लक्षात येतं.

टिकाऊपणाचं काय? लेखात त्यावर काहीच नाही. सोन्यावरचं गंधक हवेत हळूहळू ऑक्सिडाइझ होतं, उष्णतेने सुटतं. आज केलेली चिप आज चालते, हे सिद्ध करायला एक दिवस पुरतो. ती तीन महिन्यांनी चालते हे सिद्ध करायला तीन महिने लागतात, आणि तेवढं थांबायला कुणी तयार नसतं. दोनतीन गंधकांनी धरून ठेवणारे प्रोब बरेच जास्त टिकतात. आम्ही दर तुकडीतल्या काही चिप कोरड्या नायट्रोजनमध्ये बंद करून मागे ठेवत असू. त्या उघडण्याच्या दिवशी प्रयोगशाळेत सहसा कुणी हजर नसे.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना अशा चिपवर पुन्हा लिहायचं असेल तर चिप किती कमी डीएनए ओळखते हे जरूर विचारावं. तो आकडा सगळेच आनंदाने सांगतात. पण त्याच बैठकीत, पेन खाली ठेवण्यापूर्वी, न जुळणारा डीएनए टाकल्यावर आलेख किती हलला तेही विचारावं. एकच अक्षर चुकीचं असलेला धागा टाकून पाहिला का, नुसता बफर टाकून पाहिला का, आणि हे आलेख पाहायला मिळतील का. उत्तर द्यायला लागणारा वेळसुद्धा बातमीत लिहिण्यासारखा असतो. मला त्या मुलीने विचारलं असतं तर पाच आठवडे मी काय उत्तर दिलं असतं, ते मला ठाऊक आहे.

ती मुलगी आता दुसरीकडे स्वतःचा गट चालवते. तिच्याकडे आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची पहिली चिप चुकीच्या डीएनएने तपासली जाते, असं तिने मध्यंतरी कळवलं.

आणि चित्राबद्दल. पुन्हा छापणार असाल तर त्यातले धागे थोडे विरळ करा. काही वाकलेले दाखवा, एखादा आडवा पडलेला. मधे आखूड साखळ्यांची दाट लव काढा, वर एकदोन अल्ब्युमिनचे गोळे घुटमळताना. डीएनए सात नॅनोमीटर उंच काढला असेल, तर ती काळी रेषा त्याच्या एक दशांश जाडीची यायला हवी. पट्टी न लावता काढली तर जास्त खरी दिसेल.

आपली,
एक निवृत्त लेपवाली

(नाव व पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे, कृपया छापू नये.)